पुस्तक लेखकाचे, नोंद कुणाची?

ग्वाल्हेरच्या ठाटीपूर भागात दर्पण कॉलनी नावाची वसाहत आहे. हे नाव ऐकले की मराठी माणसाला बाळशास्त्री जांभेकर आठवावेत यात नवल नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. वसाहतीच्या नावाचा आणि त्या पत्राचा संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही ग्वाल्हेरात हिंदीच्या किंवा बेळगावात कानडीच्या शेजारी संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन भाषांचे ते जोडपान जवळचे वाटते.

ग्वाल्हेरची मराठी वस्ती मूळची लष्करची. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती १८१० च्या सुमारास हे शहर उभे राहिले आणि छावणीचे नाव त्याला कायमचे चिकटले. वाड्यांतून नव्या वसाहतींत बिऱ्हाडे हलतात तेव्हा भांडीकुंडी आधी जातात आणि पुस्तकांची पेटी शेवटी. ती पेटी दर्पण कॉलनीतल्या एखाद्या घरात उघडली जाते, आणि घरातली तरुण मंडळी विचारतात, “हे पुस्तक आणखी कुठे मिळते का? टाकले तर चालेल?” या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते. ते सूचीत असते. पुस्तकाचे नाव, कर्ता, छापखाना, गाव, साल, पृष्ठे एवढ्या एका नोंदीवर त्या पेटीचे भवितव्य ठरते.

पुस्तकाचा हक्क लेखकाचा, हे आपण सारे जाणतो. पण पुस्तकाविषयीच्या नोंदीचा हक्क कुणाचा? ग्रंथालयाने हजारो नोंदी संगणकावर चढवल्या आणि सर्वांना खुल्या केल्या, तर त्या कुणी घ्यायच्या, कशासाठी वापरायच्या, आणि परवानगी कुणाची मागायची? हा प्रश्न संगणकाबरोबर आला असे वाटते. वस्तुतः त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्यासारख्या ‘बाहेरच्या’ मराठी मुलखाची एक रिकामी जागा आहे.

सरकारी यादीतले आणि यादीबाहेरचे

मराठी पुस्तकांच्या पहिल्या मोठ्या याद्या सरकारने केल्या. मुंबई इलाख्याचे शिक्षणाधिकारी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंत इलाख्यात छापलेल्या देशी भाषांतील पुस्तकांची यादी तयार केली. पुढे १८६७ चा पंचविसावा कायदा आला. छापखान्यांची आणि पुस्तकांची नोंद बंधनकारक झाली. मुद्रकाने प्रती सरकारजमा करायच्या आणि सरकारने दर तिमाहीला त्यांची यादी राजपत्रात छापायची, अशी व्यवस्था बसली. १८५७ चा उठाव होऊन दहाच वर्षे झाली होती. रयत काय छापते यावर नजर ठेवणे हा त्या यादीचा एक हेतू होताच. पण ज्या यादीने पाळत ठेवली तीच यादी आज संशोधकाच्या कामी येते.

मात्र हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बेळगाव मुंबई इलाख्यात होते, म्हणून तिथे छापलेले मराठी पुस्तक मुंबईच्या तिमाही यादीत येई. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे ही संस्थाने. तिथल्या छापखान्यांना हा कायदा लागू नव्हता. ग्वाल्हेरात छापलेले मराठी पुस्तक वाचकाच्या हाती होते, पण मुंबईच्या सरकारी यादीत त्याला हक्काची जागा नव्हती. जे यादीत नाही ते पुढच्या पिढीच्या लेखी छापलेच गेले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न कुण्या सरकारने केला नाही, एका माणसाने केला. शंकर गणेश दाते हे त्यांचे नाव. (‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे यशवंत रामकृष्ण दाते ते निराळे.) १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली निघाली. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग १९६१ साली आला. योगायोग असा की त्याच १९६१ साली ग्वाल्हेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष लाभली. दाते १९६४ साली वारले. पुढे राज्य मराठी विकास संस्थेने त्यांच्या सूचीचे पुनर्मुद्रण केले आणि शरद केशव साठे यांनी १९५१ पासूनच्या काळाचे काम हाती घेऊन ती परंपरा पुढे नेली. आजही अभ्यासक ‘ग्रंथसूचीत पाहा’ असे म्हणत नाहीत, ‘दाते सूचीत पाहा’ म्हणतात. नोंदी करणाऱ्याचे नावच त्या नोंदींना मिळाले. याहून मोठा सन्मान कायदा देऊ शकत नाही.

राजकवी आणि विश्वकवी

पण कायदा काय देतो हेही पाहायला हवे. त्यासाठी ग्वाल्हेरचेच एक उदाहरण घेऊ.

राजकवी भास्कर रामचंद्र तांबे डिसेंबर १९४१ मध्ये ग्वाल्हेरात वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ ठाकूर गेले होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे लेखनाचा हक्क वारसांकडे राही. १९५७ च्या कायद्यानेही तीच मुदत ठेवली. म्हणजे दोघांच्याही लेखनाचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपायचे होते. रवींद्रनाथांचे साहित्य विश्वभारतीच्या हातून सुटणार म्हणून बंगालमध्ये चिंता पसरली. अगदी शेवटच्या दिवसांत वटहुकूम निघाला, १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि मुदत ५० ची ६० वर्षे झाली. कायदा सर्वांना सारखा. त्यामुळे विश्वकवीसाठी केलेल्या दुरुस्तीने ग्वाल्हेरच्या राजकवीच्या कवितांनाही दहा वर्षे वाढवून मिळाली. त्या १ जानेवारी २००२ पासून सर्वांच्या झाल्या.

हाच हिशेब दाते सूचीला लावून पाहा. दाते १९६४ साली गेले. मुदत मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. ती ३१ डिसेंबर २०२४ रोजी पुरी झाली. १ जानेवारी २०२५ पासून दात्यांच्या हातची सूची मराठी समाजाची मालमत्ता झाली आहे. ती कुणीही छापावी, संगणकावर उतरवावी, तीत भर घालावी. पुनर्मुद्रणाला कुणी नवी प्रस्तावना लिहिली असेल तर त्या प्रस्तावनेचा हक्क तेवढा वेगळा.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. नियतकालिकांसाठीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि १८६७ चा जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात पुस्तकांचा समावेश नाही. म्हणजे सरकारदरबारी पुस्तकांची नोंद करणारा दीडशे वर्षांचा कायदा ज्या वर्षी संपला, त्याच वर्षाच्या अखेरीस एका माणसाने कष्टाने केलेली सूची सर्वांना मोकळी झाली. प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला व आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावी असा १९५४ चा कायदा आहे. पण त्यातला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा! आडगावच्या प्रकाशकाला त्याचा धाक किती वाटणार? १९५८ पासून निघू लागलेल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीत सर्व भाषांची पुस्तके एकत्र बसावीत म्हणून मराठी नावेही रोमन लिपीत छापली जात. तेव्हा आपल्या पुस्तकांची आपल्या लिपीतली नोंद ठेवण्याचे काम फिरून आपल्याच ग्रंथालयांवर आले आहे.

कष्टाला हक्क मिळतो का?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पुस्तकाचे नाव, साल, पृष्ठसंख्या ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते. ‘अमुक पुस्तक अमुक साली लष्करात छापले’ हे वाक्य कुणीही लिहावे. पण अशा दहा हजार वाक्यांची निवड करून, विषयवार लावून, संदर्भ जुळवून सूची केली, तर ती मांडणी सूचीकाराची होते. आपला कायदा ‘साहित्यकृती’ या शब्दात तक्ते आणि संकलने धरतो, आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकातले माहितीसंचही आले.

मग निव्वळ श्रमाला हक्क मिळतो का? पूर्वी न्यायालयांचा कल तिकडे होता. ज्याने घाम गाळला त्याचे पीक, असा तो न्याय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली टेलिफोनच्या यादीवरून झालेल्या खटल्यात तो नाकारला. नावे आद्याक्षरांच्या क्रमाने लावण्यात स्वतःचे असे काही नाही, असे ते म्हणाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात मधला मार्ग काढला. वाद न्यायनिवाड्यांच्या छापील ग्रंथांचा होता. निवाडा सर्वांचा, पण संपादकाने स्वतःची बुद्धी खर्चून त्यात जे घातले ते त्याचे. केवळ श्रम आणि पैसा ओतला म्हणून हक्क उत्पन्न होत नाही, थोडी तरी स्वतःची पारख दिसली पाहिजे, असा त्याचा सारांश. युरोपात १९९६ पासून माहितीसंचाला पंधरा वर्षांचे निराळे संरक्षण आहे. भारतात तसे नाही.

ग्रंथालयाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एका कपाटात तीन वेगळे हक्क शेजारी शेजारी नांदतात. पुस्तकातला मजकूर लेखकाचा, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. एकेकटी नोंद कुणाचीच नाही. आणि नोंदींची विचारपूर्वक केलेली मांडणी सूचीकाराची, किंवा तो पगारी नोकर असेल तर सहसा त्या संस्थेची. जुन्या छापील सूचीवर कर्त्याचे नाव नसेल तर मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे; सरकारने काढलेल्या सूचीलाही तीच. तेव्हा नोंदी खुल्या केल्याने पुस्तक खुले होत नाही, आणि पुस्तकाचा हक्क शिल्लक आहे म्हणून त्याची नोंद लपवून ठेवण्याचेही कारण नाही. अनेक ग्रंथालये या दोहोंची गल्लत करतात आणि भीतीपोटी काहीच बाहेर काढत नाहीत.

देणाऱ्यांचे अनुभव

ब्रिटिश ग्रंथालयाने २०१० साली आपल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीच्या सुमारे तीस लाख नोंदी सर्व हक्क सोडून जगाला दिल्या. हार्वर्ड विद्यापीठाने एप्रिल २०१२ मध्ये एक कोटी वीस लाखांहून अधिक नोंदी दिल्या. दोघांनीही कुणी, केव्हा, कशासाठी असे विचारले नाही. नोंदी जितक्या ठिकाणी जातील तितकी पुस्तके सापडतील, असा त्यांचा हिशेब होता.

याच्या उलट अनुभवही आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ओसीएलसी नावाची संस्था आहे. जगभरची ग्रंथालये आपल्या नोंदी तिच्या सामाईक सूचीत घालतात. २००८ च्या अखेरीस तिने त्या नोंदींच्या वापरावर नव्या अटी घालण्याचे ठरवले. ‘नोंदी आम्ही केल्या, आता आम्हालाच अटी?’ अशी ओरड ग्रंथपालांनी केली आणि पुढच्या वर्षी संस्थेला ते धोरण मागे घ्यावे लागले. सामाईक विहिरीत पाणी ओतण्याआधी विहिरीवर कुलूप कुणाचे, हे विचारून घ्यावे एवढा धडा त्यातून मिळतो.

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली मोकळा केला. श्रेय द्या, आणि तुम्ही त्यात जी भर घालाल तीही याच अटीवर पुढच्याला द्या, एवढ्या दोनच अटी. लहान भाषेच्या लोकांनी आपले धन वाटून वाढवायचे ठरवले. भारत सरकारनेही २०१२ साली सरकारी माहिती खुली करण्याचे धोरण आखले, आणि २०१७ साली तिच्यासाठी स्वतंत्र परवाना ठरवला. त्यातही मुख्य अट श्रेयाचीच.

आपण काय करावे?

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी मध्य भारत विलीन होऊन ग्वाल्हेर मध्य प्रदेशात आले. एकाच दिवशी दोन शहरांतली मराठी ग्रंथालये मराठी राज्यकारभाराच्या बाहेर राहिली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरील केंद्रीय ग्रंथालयात भारतीय संविधानाची एक मूळ प्रत जपून ठेवली आहे आणि ती पाहायला दूरदूरचे लोक येतात. अशा शहरांत पुस्तकांची कदर नाही असे कोण म्हणेल? प्रश्न आहे तो आपल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी एकमेकांना दिसण्याचा. ग्वाल्हेरच्या कपाटात काय आहे ते बेळगावला कळत नाही, आणि बेळगावचे ग्वाल्हेरला.

संगणकावर सूची चढवली की काम झाले असे आपण समजतो. सूची पडद्यावर दिसते, पण ती उतरवून घ्यावी की नाही याविषयी तिथे अक्षर नसते. कायद्याच्या दृष्टीने मौन म्हणजे संमती नव्हे. परवाना लेखी असावा असे आपला कायदा सांगतो. हक्क पूर्ण सोडायचा असेल तर जाहीर सूचना देऊन सोडता येतो. तेव्हा प्रत्येक लहान ग्रंथालयाने आपल्या सूचीच्या पायाशी साध्या मराठीत तीन गोष्टी लिहाव्यात. ही सूची कुणी आणि केव्हा केली. ती प्रत्यक्ष पुस्तके पाहून केली की जुन्या यादीवरून. आणि ती कुणीही, कोणत्याही कामासाठी वापरावी, फक्त आमचे नाव सांगावे. एवढ्याने पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकाला कुणाच्या वारसाचा पत्ता शोधत हिंडावे लागणार नाही.

यावर कार्यकारी मंडळात हमखास एक शंका निघते: “कुणी आमची सूची उचलून पैसे केले तर?” शंका रास्त आहे. पण सुट्या नोंदी तो आजही उचलू शकतो, त्या कुणाच्याच नाहीत. ‘धंद्यासाठी वापरू नये’ अशी अट घातली तर दुर्मीळ पुस्तकांचे पुनर्मुद्रण करू पाहणारा प्रकाशकही अडतो, आणि शेवटी नुकसान पुस्तकाचेच होते. त्यापेक्षा करार करताना जागे राहावे. सूची संगणकावर चढवण्याचे काम बाहेरच्या कुणाला दिले, तर नोंदी ग्रंथालयाच्याच राहतील आणि मागू तेव्हा साऱ्याच्या साऱ्या परत मिळतील, हे कागदावर घ्यावे.

दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. सभासदांची नावे, पत्ते, कुणी कोणते पुस्तक नेले याची वही ही ग्रंथालयाची खासगी ठेव आहे. ती खुल्या नोंदींत मिसळू नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदाही तेच सुचवतो. दुसरे म्हणजे पुस्तके. हक्काची मुदत न संपलेले पुस्तक जपणुकीसाठी संगणकात साठवण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालयाला २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. ते जगाला वाटण्याची दिलेली नाही. नोंद मोकळी आणि पुस्तक मुदतीपर्यंत लेखकाचे, ही रेघ स्पष्ट असली की मन मोकळे करून देता येते.

दाते सूची आता आपली आहे. तीत बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथल्या कपाटांतली राहून गेलेली पुस्तके भरण्याचे काम सरकारी आदेशाची वाट पाहत थांबायला नको. दर्पण कॉलनीतल्या त्या पेटीतली चाळीस पुस्तके एका रविवारी वहीत उतरवता येतात: नाव, कर्ता, छापखाना, गाव, साल, पृष्ठे. ती वही जवळच्या ग्रंथालयाला द्यावी आणि खाली लिहून द्यावे, की ही नोंद सर्वांनी वापरावी. पेटी पुढे कुणाकडे जाईल ते सांगता येत नाही. पण ते पुस्तक छापले गेले होते, ग्वाल्हेरात एका मराठी घरात वाचले जात होते, एवढे तरी त्यानंतर कुणाला पुसता येणार नाही.